नियमातून सूर : मॉड्युलर सिंथेसायझर कसा वाजतो

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आता गावोगावच्या मैफलींत दिसतो आणि कीबोर्ड तर भजनी मंडळापर्यंत पोचला आहे. विजेवर सूर निघतो याचं आपल्याला आता नवल राहिलेलं नाही. पण विजेवर चालणाऱ्या वाद्यांत एक घराणं असं आहे, ज्यात बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या पट्ट्याही नसतात आणि आधीच भरून ठेवलेले आवाजही नसतात. समोर असते एक चौकट, तिच्यात शेजारी शेजारी बसवलेली धातूची पॅनेलं, त्यांवर नॉब आणि सॉकेटं आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीबेरंगी वायरी. हा मॉड्युलर सिंथेसायझर. वाजवणारा वायरी जोडतो, नॉब फिरवतो आणि पुष्कळदा हात काढून नुसता ऐकत बसतो. पुढचा स्वर कोणता आणि तो कधी यायचा, हे त्यानं एका नियमावर सोपवलेलं असतं. असा पायरीपायरीनं पाळायचा नेमका नियम म्हणजेच अल्गोरिदम.

या लेखात आपण असं एक छोटं वाद्य पहिल्या सुरापासून बांधत नेऊ. बेरीज, वजाबाकी आणि थोडे अपूर्णांक एवढंच गणित पुरेल. नियमानं संगीत करण्यातली खरी गंमत नियम जिथे तोकडा पडतो तिथे आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे त्या जागांपाशी आपण जरा जास्त थांबू.

अहमदाबादचा मूग

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवर हे वाद्य जवळजवळ एकाच वेळी आकाराला आलं. न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग या अभियंत्यानं संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्याबरोबर काम करून १९६४ मध्ये आपला पहिला नमुना तयार केला. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सुबॉटनिक आणि रमॉन सेंडर यांनी डॉन बुक्ला यांच्याकडून आपल्याला हवं तसं यंत्र बनवून घेतलं. मूग यांनी पियानोसारखा कीबोर्ड जोडला. बुक्ला यांना तो नको होता, कारण पियानोच्या पट्ट्या समोर आल्या की बोटं पियानोचीच गाणी वाजवणार. त्यांनी स्पर्शानं चालणाऱ्या पट्ट्या दिल्या, एकामागून एक व्होल्टेज सोडणारा सिक्वेन्सर दिला आणि पुढे यादृच्छिक व्होल्टेज देणारं एक मॉड्यूलही बनवलं. त्याचं नाव ‘सोर्स ऑफ अनसर्टन्टी’, म्हणजे अनिश्चिततेचा उगम. नियम आणि योगायोग यांच्या आधारानं संगीत करण्याची वाट तिथून रुंद झाली. सुबॉटनिक यांची ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ ची, बुक्लावर केलेली. मूगवर वेंडी कार्लोस यांनी केलेली ‘स्विच्ड-ऑन बाख’ १९६८ ची.

भारतात मूगचं आगमन लगेच पुढच्या वर्षी झालं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग मॉड्युलर बसवला आणि काही काळ राहून तो शिकवलाही. या सगळ्यामागे गीता साराभाई होत्या. त्या पखवाज शिकलेल्या होत्या आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीताचे पाठ देऊन त्यांच्याकडून पाश्चात्त्य समकालीन संगीत समजून घेतलं होतं. अहमदाबादच्या त्या स्टुडिओत आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी टेपवर रचना केल्या. स्टुडिओ काही वर्षांतच थंडावला आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटनमधले कलाकार पॉल परगस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ या नावानं १९६९ ते १९७२ मधल्या या रचना श्रोत्यांपर्यंत पोचल्या. म्हणजे हे वाद्य आपल्याकडे उशिरा आलेलं नाही. ते आलं, त्याच्यावर काम झालं आणि ते काम पन्नास वर्षं झाकलेलं राहिलं.

आज जगभर जो मॉड्युलर दिसतो तो बहुतेक ‘युरोरॅक’ मापाचा असतो. जर्मनीतल्या डीटर डोपफर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात हे माप रूढ केलं. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, ३.५ मिलिमीटरच्या जॅकच्या वायरी आणि उणे-अधिक १२ व्होल्टचा पुरवठा. माप एकच असल्यामुळे एका कारागिराचं मॉड्यूल दुसऱ्याच्या शेजारी बिनदिक्कत बसतं.

एका व्होल्टचं एक सप्तक

पहिलं मॉड्यूल ऑसिलेटर. त्याच्यातून बाहेर पडणारं व्होल्टेज सतत वरखाली होत असतं आणि स्पीकरचा पडदा त्याच गतीनं पुढेमागे हलतो. सेकंदाला २६१.६ वेळा वरखाली झालं की पांढरी एकचा मध्य षड्ज ऐकू येतो. हे वरखाली होणं कोणत्या आकाराचं आहे, यावर आवाजाचा पोत ठरतो. गोल, सरळ लाट म्हणजे साइन. तिच्यात मूळ स्वराशिवाय काही नसतं. करवतीच्या दातांसारखी लाट म्हणजे सॉटूथ. तिच्यात मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर असतात आणि त्यांचा जोर अनुक्रमे निम्मा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असा उतरत जातो. चौकोनी लाटेत फक्त विषम पटीचे उपस्वर असतात, म्हणून ती क्लॅरिनेटसारखी पोकळ वाटते.

ऑसिलेटरला स्वर सांगायचा तोही व्होल्टेजनंच. इथला संकेत सोपा आहे. एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक चढतो. शून्य व्होल्टला मध्य षड्ज लावला असेल तर १ व्होल्टला तार षड्ज आणि उणे १ व्होल्टला मंद्र षड्ज. सप्तकाचे १२ सारखे भाग केले तर एक अर्धस्वर ०.०८३ व्होल्टचा होतो. पण ऑसिलेटरला हे १२ भाग ठाऊक नसतात. त्याच्यासाठी व्होल्टेज सलग असतं, हार्मोनियमसारखं ठरलेल्या पट्ट्यांत तुटलेलं नसतं. भारतीय कानासाठी ही मोठी सोय आहे.

ती सोय ऐकून पाहता येते. दोन ऑसिलेटर घ्या, दोन्ही सॉटूथवर. पहिला षड्जावर ठेवा. दुसऱ्याला ०.५८३ व्होल्ट द्या, म्हणजे हार्मोनियमच्या मापाचा पंचम. दोन्ही एकत्र वाजवले की आवाजात सेकंदाला जवळजवळ एकदा येणारी एक मंद लाट ऐकू येईल. तिचं कारण नेमकं सांगता येतं. षड्जाचा तिसरा उपस्वर ७८४.९ हर्ट्झचा आणि या पंचमाचा दुसरा उपस्वर ७८४.० हर्ट्झचा, आणि दोघांतल्या ०.९ हर्ट्झच्या फरकामुळे आवाज फुगतो आणि ओसरतो. आता फाइन ट्यूनचा नॉब अगदी किंचित वर न्या, ०.५८५ व्होल्टपर्यंत. लाट लांबत जाते आणि थांबते. पंचम षड्जात मिसळून गेलेला असतो. तानपुरा जुळवणारा कान हेच करत असतो, इथे फक्त त्याला आकडे मिळतात. हे दोन ऑसिलेटर असेच चालू ठेवू. आपल्या वाद्याचा आधारस्वर तयार झाला.

आवाजाला आकार

स्वरमालिकेसाठी तिसरा ऑसिलेटर घेऊ. त्याची सॉटूथ लाट थेट ऐकली तर कानाला टोचते, म्हणून ती फिल्टरमधून नेतात. लो-पास फिल्टर ठरावीक कंपनसंख्येच्या खालचे उपस्वर जाऊ देतो आणि वरचे दाबत नेतो. मूग यांच्या प्रसिद्ध फिल्टरमध्ये ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. त्याची उतरण सप्तकामागे २४ डेसिबल, म्हणजे दर सप्तकाला वरच्या उपस्वरांचा जोर जवळजवळ सोळावा हिस्सा होतो. सीमारेषेजवळचे उपस्वर उचलून धरणारा ‘रेझोनन्स’ नावाचा नॉबही त्याच्यावर असतो. तो वाढवत नेला की फिल्टर नाकात बोलल्यासारखा आवाज करतो आणि आणखी वाढवला की स्वतःच शीळ घालू लागतो.

फिल्टरनंतर येतो व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजनं चालणारा ॲम्प्लिफायर. त्याचं काम पाण्याच्या नळाचं. नियंत्रणाचं व्होल्टेज शून्य असेल तर आवाज बंद, वाढेल तसा नळ उघडत जातो. हा नळ किती वेगानं उघडायचा आणि कसा मिटायचा, हे एन्व्हलप नावाचं मॉड्यूल ठरवतं. त्याचे नेहमीचे चार टप्पे असतात. आवाज वर चढायला लागणारा वेळ, तिथून थोडा खाली यायला लागणारा वेळ, स्वर धरून ठेवला असताना राहणारी पातळी आणि सोडल्यावर विरण्याचा वेळ. चढण क्षणार्धाची आणि उतरण अर्ध्या सेकंदाची ठेवली तर छेडलेल्या तारेसारखा आवाज येतो. चढण सेकंदभराची केली की तोच ऑसिलेटर गजानं घासल्यासारखा वाजतो. एन्व्हलपची एक वायर फिल्टरलाही द्या. मग प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला उपस्वर खुलतात आणि नंतर मिटत जातात. तंतुवाद्यांत तार छेडल्यावर असंच घडतं, म्हणून कानाला तो आवाज जिवंत वाटतो.

इथे या वाद्याचं मर्म लक्षात येतं. ऐकू येणारा आवाज हेही व्होल्टेज आणि त्याला चालवणारा हुकूम हेही व्होल्टेज. कुठलीही वायर कुठेही लावून पाहता येते. ऑसिलेटरची गती सेकंदाला ५-६ फेऱ्यांपर्यंत खाली आणून ती वायर दुसऱ्या ऑसिलेटरच्या स्वराच्या सॉकेटमध्ये लावली की स्वर कंप पावतो. तीच गती शेकडो फेऱ्यांपर्यंत वाढवली तर कंप वेगळा ऐकूच येत नाही, त्याऐवजी घंटेसारखा धातूचा नवाच आवाज तयार होतो. १९६७ मध्ये स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग यांना कंप वाढवत नेताना हेच सापडलं. त्यातून पुढे एफएम पद्धत आली आणि तिच्यावरचा यामाहाचा डीएक्स७ हा कीबोर्ड १९८३ मध्ये जगभर गेला.

एका नियमात किती ताल

आता लय. क्लॉक नावाचं मॉड्यूल ठरावीक अंतरानं विजेचे ठोके देतं. मिनिटाला १२० ठोके असे धरू आणि प्रत्येक ठोक्याला एक मात्रा म्हणू. सगळ्याच मात्रांवर स्वर उमटला तर ते घड्याळ होईल. कोणत्या मात्रेवर वाजायचं आणि कोणती मोकळी सोडायची, याचा नियम हवा.

या कामासाठी आज पुष्कळ वापरला जाणारा एक नियम युक्लिडच्या नावानं ओळखला जातो. दोन संख्यांचा मसावि काढण्याची युक्लिडची रीत आपण शाळेत शिकलो आहोत. ओक रिज इथल्या ‘स्पॅलेशन न्यूट्रॉन सोर्स’ या भौतिकशास्त्राच्या यंत्रणेत ठरलेल्या वेळात ठरावीक स्पंदनं शक्य तितकी समान अंतरावर कशी पेरायची, हा प्रश्न होता. त्यासाठी एरिक ब्यॉर्कलंड यांनी जी रीत योजली तिची घडण युक्लिडच्या रीतीसारखीच आहे. माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातले गोडफ्रीड तूसाँ यांनी २००५ च्या शोधनिबंधात दाखवलं की याच रीतीनं जगभरातल्या कितीतरी पारंपरिक लयी मिळतात. ८ मात्रांत ३ ठोके पेरले की क्यूबाच्या संगीतातली ३-३-२ ही लय येते.

हे हातानं करून पाहता येतं. आपल्याला ७ मात्रांत ३ ठोके हवे आहेत. शून्यापासून सुरुवात करून प्रत्येक मात्रेला ३ मिळवत जायचं. बेरीज ७ किंवा जास्त झाली की त्या मात्रेवर ठोका द्यायचा आणि ७ वजा करायचे. पहिल्या मात्रेला ३, दुसरीला ६, तिसरीला ९, म्हणून ठोका आणि उरले २. चौथीला ५, पाचवीला ८, ठोका आणि उरला १. सहावीला ४, सातवीला ७, ठोका आणि उरले शून्य. ठोके पडले ३, ५ आणि ७ व्या मात्रेवर. शेवटच्या ठोक्याला सम मानून मोजायला लागलं की अंतरं येतात ३, २, २. हे रूपकाचे विभाग आहेत.

इथून पुढे आपले ताल एकेक करून या नियमाला घालून पाहावेसे वाटतात आणि ते घालावेतच. १६ मात्रांत ४ ठोके, म्हणजे ४-४-४-४, त्रिताल. १२ मध्ये ६, म्हणजे दोन-दोनचे सहा विभाग, एकताल. १० मध्ये ४ पेरले की २-३-२-३, झपताल. १४ मध्ये ४ पेरले की ३-४-३-४, म्हणजे दीपचंदी आणि झुमरा. ठोके शक्य तितके समान अंतरावर ठेवायचे, या एकाच नियमातून इतके तालविभाग निघतात.

मग धमार घाला. धमारही १४ मात्रांचा आणि चार विभागांचाच. पण त्याचे विभाग आहेत ५-२-३-४. युक्लिडचा नियम कितीही फिरवला, सुरुवात कुठूनही धरली, तरी त्याच्यातून धमार निघत नाही, कारण धमारानं समान वाटप मुळातच नाकारलं आहे. सम घेऊन पाच मात्रांचा लांब विभाग आणि त्याला लागूनच दोन मात्रांचा तोकडा विभाग ही धमाराची चाल आहे. पखवाजियाला हे हातानं माहीत असतं. आपल्याला ते नियम मोडल्यामुळे कळलं. दीपचंदी आणि धमार यांच्यात मात्रा सारख्या, विभागांची संख्याही सारखी, तरी दोघांचा स्वभाव वेगळा का, याचं एक नेमकं उत्तर हाती आलं. सिक्वेन्सरमध्ये धमार हवा असेल तर तो मात्रेमात्रेनं हातानंच भरावा लागतो. ताल म्हणजे अर्थात नुसते विभाग नव्हेत. ठेक्याचे बोल, टाळी-खाली, वजन हे सारं त्यापुढचं. तरी सांगाडा एवढा उलगडला हे काही कमी नाही.

आपल्या वाद्यात आपण रूपकाचा सांगाडा घेऊ. क्लॉकची वायर युक्लिडच्या मॉड्यूलला, त्याची एन्व्हलपला. आता एकच स्वर ३-२-२ च्या चालीनं वाजू लागेल.

आठवण ठेवणारा योगायोग

स्वर कुठून आणायचे? नुसते फासे टाकून आणले तर ऐकणारा थोड्याच वेळात कंटाळतो, कारण कान पुनरावृत्ती शोधत असतो. तेच तेच परत वाजवलं तरी कंटाळतो. दोघांच्या मधली जागा हवी असते. ती देणारं एक लोकप्रिय मॉड्यूल ब्रिटनमधल्या टॉम व्हिटवेल यांनी २०१२ मध्ये बनवलं आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला. ॲलन ट्युरिंग यांच्या नावावरून त्याला ‘ट्युरिंग मशीन’ म्हणतात.

त्याचं काम असं चालतं. एका ओळीत १६ घरं, प्रत्येकात ० किंवा १. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला सगळे अंक एकेक घर पुढे सरकतात आणि शेवटच्या घरातला अंक फिरून पहिल्या घरात येतो. त्यांतली आठ घरं मिळून एक संख्या वाचली जाते आणि तिचं व्होल्टेज होऊन ऑसिलेटरकडे जातं. काहीच बदललं नाही तर तीच चाल पुन्हा पुन्हा येत राहील. पण फिरून येणारा अंक उलटण्याची शक्यता किती, हे मधला मोठा नॉब ठरवतो. नॉब पूर्ण उजवीकडे नेला तर अंक कधीच उलटत नाही आणि चाल पक्की होते. बरोबर मध्ये असेल तर उलटण्याची शक्यता निम्मी, म्हणजे निव्वळ फासे. पूर्ण डावीकडे असेल तर प्रत्येक अंक दर वेळी उलटतो, त्यामुळे चाल दुप्पट लांबीची होऊन मग परत येते.

सगळी जादू उजवीकडच्या टोकाच्या अलीकडे आहे. समजा चाल ८ घरांची ठेवली आणि प्रत्येक घराला बदलाची शक्यता दहात एक. मग एक पूर्ण फेरी जशीच्या तशी परत येण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ४३ टक्के. निम्म्याहून थोड्या जास्त फेऱ्यांत एखादा अंक बदलतो, बाकीचे तेच राहतात. चाल ओळखीचीही वाटते आणि हळूहळू पालटतही जाते. काही मिनिटांनी मूळ चालीतलं फारसं काही उरलेलं नसतं, तरी ती कुठे बदलली ते बोट ठेवून सांगता येत नाही. एखादी चाल आवडली की नॉब उजव्या टोकाला न्यायचा, ती तिथेच थांबते. हा निर्णय घेणारा कान तुमचा असतो.

यातच आणखी एक गोष्ट आपोआप घडते. लय ७ मात्रांची आणि चाल ८ घरांची. दोघांची सुरुवात पुन्हा जुळायला ५६ मात्रा लागतात. मिनिटाला १२० च्या लयीत हे २८ सेकंद होतात. चाल अजिबात न बदलताही एवढा वेळ तीच ती वाटत नाही, कारण रूपकाचे ठोके दर आवर्तनात चालीतल्या वेगळ्या घरांवर पडतात. वेगवेगळ्या लांबीची चक्रं एकत्र सोडून द्यायची, हे तंत्र ब्रायन ईनो यांनी १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये टेपच्या तुकड्यांनी वापरलं होतं.

भूप आणि देशकार

ट्युरिंग मशीनचं व्होल्टेज कुठलंही असू शकतं, त्यामुळे निघणारे स्वर बेसूर असतात. ते क्वांटायझरमधून न्यायचे. त्याला आपण परवानगीच्या स्वरांची यादी देतो आणि येणारं व्होल्टेज तो जवळच्या स्वरावर नेऊन बसवतो. भूपाची यादी द्यायची तर सा ०, रे ०.१६७, ग ०.३३३, प ०.५८३, ध ०.७५०. आता ०.४० व्होल्ट आले तर ते गंधारावर जातील. गंधार जरा टोचत असेल तर त्याचंही कारण आहे. आपल्या आधारस्वराच्या सॉटूथ लाटेत पाचवा उपस्वर आहे. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार तोच, आणि त्याचं माप ०.३२२ व्होल्ट. क्वांटायझरचे स्वर हलवता येत असतील तर गंधार ०.०११ व्होल्टनं उतरवा. फरक आकड्यात लहान आहे, कानात मोठा आहे.

मग हा भूप झाला का? नाही झाला. सा रे ग प ध हेच पाच स्वर देशकाराचेही आहेत. भूपात गंधार वादी आणि धैवत संवादी, देशकारात नेमकं उलटं. भूप पूर्वांगात रमतो, देशकार उत्तरांगात. क्वांटायझरला यातलं काहीच कळत नाही. त्याच्यापाशी फक्त स्वरांची यादी आहे आणि दोन्ही रागांची यादी एकच आहे. धमारापाशी आला तसाच हा थांबा. पहिला नियम तोकडा पडला की पुढचा नियम कोणता हवा ते कळतं. इथे हवा आहे स्वराकडून स्वराकडे जाण्याचा नियम.

असा नियम रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांच्या नावानं ओळखला जातो. १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्य-कादंबरीतली २०,००० अक्षरं घेऊन स्वरानंतर व्यंजन आणि व्यंजनानंतर स्वर किती वेळा येतो ते मोजलं. संगीतात हीच रीत लावायची तर प्रत्येक स्वरासाठी एक ओळ लिहायची. उदाहरणार्थ, गंधारावर असताना १० पैकी ५ वेळा रिषभाकडे, ३ वेळा पंचमाकडे आणि २ वेळा गंधारावरच. पंचमावरून जास्त वेळा गंधाराकडे, कमी वेळा धैवताकडे. असं पाच स्वरांच्या पाच ओळींचं कोष्टक झालं की यंत्र वारंवार गंधारापाशी येऊ लागतं. कोष्टकातलं वजन धैवत आणि तार षड्जाकडे झुकवलं की त्याच पाच स्वरांत देशकाराची चाहूल लागते. हे आकडे माझे आहेत. तुम्ही तुमच्या कानानं ते बदलावेत, त्यासाठीच ते आहेत.

नियम आणखीही कडक करता येतो. इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅक्सन यांनी १९५६-५७ मध्ये ‘इलियाक’ या संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करवून घेतली, तेव्हा त्यांनी एक साधी रीत वापरली होती. यंत्रानं फासे टाकून स्वर सुचवायचा, तो नियमांच्या यादीशी ताडून पाहायचा, बसला नाही तर टाकून द्यायचा आणि पुन्हा फासे टाकायचे. आपल्या यंत्रातही असं म्हणता येईल की सलग दोनदा मोठी उडी नको, किंवा समेवर षड्ज, गंधार किंवा पंचमच हवा.

मींडही आणता येते. व्होल्टेज एका पातळीवरून दुसरीकडे उडी न मारता सरकत जावं, यासाठी स्ल्यू नावाचं मॉड्यूल असतं. १९८२ मध्ये मुंबईचे चरणजित सिंग यांनी ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका ज्या यंत्रांवर केली, त्यांतल्या रोलंडच्या टीबी-३०३ मध्ये असा स्लाइड होता. रागाच्या मींडेला जवळ जाणारी ती यांत्रिक सोय त्यांनी फार लवकर ओळखली.

इतकं सगळं करूनही यंत्राच्या तोंडी राग येत नाही. कोष्टकाला फक्त मागचा एक स्वर आठवतो. आलापात कुठे थांबायचं, कोणता स्वर राखून ठेवायचा आणि तो किती वेळानं दाखवायचा, हे त्याच्या कक्षेबाहेर आहे. पण प्रत्येक नियम लिहिताना आपल्याला रागाबद्दल काय ठाऊक आहे ते स्पष्ट होतं आणि नियम वाजला की काय ठाऊक नाही ते ऐकू येतं. गाणं शिकणाऱ्याला याहून उपयोगी खेळ मला सुचत नाही.

सुरुवात कुठून करावी

युरोरॅकचं एक मॉड्यूल काही हजारांपासून पाच आकड्यांपर्यंत जातं आणि परदेशातून मागवलं तर वर सीमाशुल्क. नवशिक्यानं तिकडे वळू नये. २०१७ मध्ये आलेलं व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. ऑसिलेटर, फिल्टर, व्हीसीए, एन्व्हलप, सिक्वेन्सर, क्वांटायझर हे सारं त्यात आहे. युक्लिडची आणि ट्युरिंग मशीनच्या धर्तीची मॉड्यूलं त्याच्या संग्रहातून फुकट घेता येतात. लॅपटॉपही नसेल तर स्ट्रूडल हे साधन ब्राउझरमध्येच उघडतं. त्यात आवाजाच्या नावापुढे कंसात ३ आणि ७ लिहिले की ठोके पेरले जातात आणि तिसरा आकडा लिहिला की सुरुवात हवी तिथे सरकते.

पहिल्या दिवशी एकच ऑसिलेटर, एक फिल्टर, एक व्हीसीए आणि एक एन्व्हलप एवढंच घ्या. आवाज आधी अगदी कमी ठेवा, हेडफोन असेल तर विशेष, कारण रेझोनन्सची शीळ अचानक उसळते. एका वेळी एकच वायर बदला आणि काय बदललं ते ऐकल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. चांगलं काही जमलं तर तेव्हाच रेकॉर्ड करा आणि जोडणी वहीत उतरवून ठेवा, कारण योगायोगातून आलेली चाल पुन्हा सापडत नाही. मग युक्लिड जोडा, रूपक ऐका, झपताल ऐका. जो ताल, जो राग तुम्हाला आतून माहीत आहे त्याच्यासाठी स्वतःचा नियम लिहा आणि तो कुठे चुकतो ते शांतपणे ऐका. चूक सापडली की तिच्यासाठी दुसरा नियम लिहा. अहमदाबादच्या टेपा पन्नास वर्षं बंद राहिल्या. तुम्ही जे कराल ते मात्र कपाटात ठेवू नका, दुसऱ्या कुणालातरी ऐकवा.